सदलग्याचे घर विक्रीला काढण्यापूर्वी



कोणत्याही लग्नकार्यात चार सदलगेकर एकत्र बसले की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो, "गावाकडच्या घराचं काय करायचं?" मुले पुण्याला, मुंबईला, कोणी बेंगळूरला, कोणी परदेशी. आई-वडील आता नाहीत. दूधगंगेच्या काठचे ते कौलारू घर वर्षातून एकदा जत्रेला उघडले जाते. दर पावसाळ्यात चार कौले सरकतात, एखादी तुळई कुजते, आणि शेजारच्यांचा फोन येतो.

घर विकावे की ठेवावे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. त्यात मी सल्ला देणार नाही. पण विकायचे ठरल्यावर काय तयारी करावी, हे मात्र सांगता येईल. बँकेत बरीच वर्षे कर्ज विभाग सांभाळला. गिऱ्हाईक तयार, किंमत ठरलेली, आणि केवळ विकणाऱ्याचे कागद अपुरे म्हणून व्यवहार मोडला, असे पुष्कळदा पाहिले. त्यातून पैशाचे नुकसान होते ते होतेच, पण भावा-बहिणींत अबोला धरला जातो, तो अधिक काळ टिकतो. म्हणून घराला रंग लावण्याच्या आधी करायची कामे प्रथम सांगतो.

१. आधी घरची बैठक

दलालाला सांगण्यापूर्वी घरच्या सर्वांनी एकत्र बसावे. सर्वांनी म्हणजे फक्त भावांनी नव्हे. बहिणी, दिवंगत भावाची पत्नी व मुले, ज्यांचा ज्यांचा हक्क आहे ते सगळे. प्रत्यक्ष जमत नसेल तर फोनवर बसा, पण एकाच वेळी बसा. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे सांगितले की तिथेच संशय सुरू होतो.

या बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात. पहिली, घर घरातल्याच कोणाला हवे आहे का? हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पहिल्या वर्गातील एखाद्या वारसाला आपला हिस्सा विकायचा असेल, तर तो घेण्याचा प्राधान्याचा हक्क इतर वारसांना आहे. कायदा नसता तरी आधी घरात विचारणे हीच आपली रीत.

दुसरी, गावात राहून ज्याने घर सांभाळले, पट्टी भरली, कौले परतवली, त्याचा खर्च कसा धरायचा? विक्रीच्या रकमेतून ती रक्कम आधी वेगळी काढायची असेल तर आकडा आताच ठरवा. पैसे हाती आल्यावर हा विषय निघाला तर तो गोडीने मिटत नाही.

तिसरी, बोलणी कोण करणार? एकानेच करावीत, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा आकडा सर्वांना त्याच दिवशी कळवावा. ठरलेले सगळे एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. तो कागद मालकी देत नाही, पण पुढे "मला कोणी विचारलंच नाही" हे वाक्य येत नाही.

२. वारस कोण, सह्या किती

एक कल्पित उदाहरण घेऊ. आजोबांनी १९६२ साली स्वतःच्या पगारातून जागा घेऊन घर बांधले. १९८८ साली ते मृत्युपत्र न करता वारले. आजी त्यांच्या आधीच गेल्या होत्या. मागे दोन मुलगे, दोन मुली. थोरला मुलगा २०१० साली वारला, त्याच्या मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी.

घर आजोबांच्या स्वकष्टाचे असल्यामुळे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे चारही मुलांना सारखा, म्हणजे प्रत्येकी पाव हिस्सा आला. थोरल्याचा पाव हिस्सा त्याच्या पत्नीत आणि दोन मुलांत विभागून प्रत्येकी बारावा हिस्सा झाला. म्हणजे खरेदीपत्रावर सह्या सहा. घराच्या पट्टीच्या पावतीवर फक्त धाकट्या मुलाचे नाव असले तरी सह्या सहाच. आपल्याकडील जैन कुटुंबांनाही हाच कायदा लागू आहे.

घर वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाचे असेल तर हिस्से वेगळ्या रीतीने निघतात. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही मुलाप्रमाणे जन्माने हिस्सेदार आहे. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व विक्री यांना धक्का लागत नाही.

जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येते, "मुलींना घरात वाटणी मागता येत नाही." हे पूर्वीच्या कलम २३ मुळे. मुलींचा हिस्सा तेव्हाही होता, पण भाऊ स्वतः वाटणी करीपर्यंत राहत्या घराची वाटणी त्यांना मागता येत नव्हती. २००५ मध्ये ते कलमच काढून टाकले. तेव्हा बहिणीची सही ही उपकाराची बाब नाही, ती मालकाची सही आहे. तिला हिस्सा नको असेल तर तिने स्वतः समजून-उमजून, नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. कोऱ्या कागदावर सही घेणे किंवा "तू फक्त कचेरीत ये" असे सांगणे, दोन्ही गैर.

विकायचेच असेल तर आधी वाटणीपत्र केलेच पाहिजे असे नाही. सगळे हिस्सेदार मिळून एकाच खरेदीपत्रावर सह्या करू शकतात. एखादा वारस अज्ञान असेल, बेपत्ता असेल किंवा आजारपणामुळे समज राहिली नसेल, तर मात्र पुढे जाण्यापूर्वी वकिलांना विचारा. काही वेळा न्यायालयाची परवानगी लागते.

वारस ठरवण्यासाठी मृत्यूचे दाखले आणि वंशवृक्ष लागतो. वंशवृक्षाचा दाखला नाडकचेरीतून मिळतो. जुन्या मृत्यूची नोंदच झालेली नसेल, तर वर्ष उलटून गेल्यावर ती करायला सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो. यात महिने जातात, म्हणून हे काम सर्वांत आधी हाती घ्या.

३. कागदांची पेटी

आता माळ्यावरची ट्रंक खाली काढा. शोधायचे ते असे: मूळ खरेदीपत्र, बक्षीसपत्र किंवा वाटणीपत्र. मृत्युपत्र असल्यास ते. सिटी सर्व्हेचा उतारा असल्यास तो. घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या. बांधकामाचा परवाना. हेस्कॉमचे वीजबिल आणि त्यावरचा आर. आर. नंबर. कर्ज काढले असेल तर ते फिटल्याचा दाखला.

आपल्या भागाची एक खासियत लक्षात ठेवावी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे आजोबांच्या कागदावर मुंबई इलाखा दिसला तर गोंधळून जाऊ नका. १९५० च्या आधीचा कागद मोडी लिपीत असण्याची शक्यता मोठी. त्यानंतरचा मराठीत, आणि अलीकडचे सगळे उतारे कन्नडमध्ये. म्हणजे एकाच घराच्या तीन पिढ्यांचे कागद तीन लिप्यांत किंवा भाषांत असू शकतात. मोडी कागदाचे वाचन जाणकाराकडून करून घ्या. शहरात वाढलेल्या मुलांना कन्नड वाचता येत नाही, त्यांना प्रत्येक उताऱ्याचा अर्थ लेखी करून द्या. न वाचता सही करण्याची वेळ कोणावर येऊ नये.

जागेचे वर्णनही जुन्या मापात असते. "दोन खणांचे घर, पुढे सोपा, मागे परडे" असे लिहिलेले असते आणि लांबी-रुंदी हातात. आजच्या उताऱ्यात ते चौरस मीटरमध्ये असते. दोन्हींचा मेळ बसतो का ते पाहा.

मूळ खरेदीपत्र हरवले असेल तर घाबरू नका. पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि नोंदणी कचेरीतून प्रमाणित नक्कल, या तीन गोष्टी करून ठेवा. नोंदणीकृत दस्ताची नक्कल मिळते.

कर्ज फिटले पण कागद बँकेतच राहिले, हेही वारंवार आढळते. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या निर्देशानुसार पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात. १ डिसेंबर २०२३ पासून, बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देय आहे. कर्जदार वारला असेल तर वारसांना कागद कसे मिळतील याची पद्धतही बँकेने जाहीर करायची आहे. तेव्हा शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सोसायटीचा बोजा उताऱ्यावर राहिला असेल तर तोही कमी करून घ्या.

४. खाता, ई-खाता आणि बोजा दाखला

येथे अनेकांचा गैरसमज होतो. खाता म्हणजे मालकी नव्हे. पट्टी कोणाकडून वसूल करायची, याची ती नोंद आहे. पण खात्यावर नाव नसेल तर विक्री पुढे सरकत नाही, हेही खरे. म्हणून वारसांची नावे नगरसंस्थेच्या दप्तरी लावून घ्यावी लागतात.

कर्नाटकात ऑक्टोबर २०२४ पासून खरेदीपत्राच्या नोंदणीसाठी ई-खाता बंधनकारक झाला आहे. शहरी नगरसंस्थेच्या हद्दीत तो ई-आस्ती प्रणालीतून मिळतो. आजूबाजूच्या खेड्यांत, ग्रामपंचायतीच्या हद्दीत, ई-स्वत्तू प्रणालीतून नमुना ९ व ११ मिळतो. त्यासाठी मालकीचा कागद, पट्टीची चालू पावती, मालकांचे ओळखपत्र, घराचे छायाचित्र, वीजबिल अशा गोष्टी मागतात. थकलेली पट्टी आधी भरून टाका. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना वाटते सात-बारा, फेरफार, रेडीरेकनर तेच इकडे. हेतू तोच, पण कागद, कचेरी आणि नावे वेगळी आहेत, म्हणून पुण्याच्या वकिलांवर सगळे सोपवू नका. इकडचे काम करणारा वकील गाठा.

दुसरा महत्त्वाचा कागद म्हणजे बोजा दाखला, ज्याला सगळे ई. सी. म्हणतात. नोंदणी खात्याच्या कावेरी संकेतस्थळावरून संगणकावर चढलेल्या काळातल्या नोंदी मिळतात. त्याआधीच्या नोंदींसाठी कचेरीत अर्ज करावा लागतो. घेणाऱ्याची बँक सहसा मागच्या अनेक वर्षांचा दाखला मागते, तेव्हा जितका जुना मिळेल तितका काढून ठेवा.

हा दाखला कोरा आला म्हणजे सगळे निर्वेध, असे मात्र समजू नये. त्यात फक्त नोंदणी झालेले व्यवहार दिसतात. तोंडी वाटणी, कोर्टात चालू असलेला दावा, मृत्यूमुळे आलेला वारसाहक्क, भाडेकरूचा ताबा, यातले काहीच त्यात दिसत नाही. शहाणा गिऱ्हाईक हे विचारणारच. आपण आधीच खरे सांगावे.

५. नावांतला फरक

आपल्या लोकांचे निम्मे अडथळे येथे येतात. खरेदीपत्रावर आजोबांचे नाव मराठीत, खात्यावर कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजीत, आणि तिन्ही ठिकाणी थोडे वेगळे. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे नाहीच. बहिणींचे तर माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर आणि सासरचे आधारवर. संगणकाला हे एकच माणूस आहे हे कळत नाही.

उपाय सोपा आहे. प्रत्येक वारसाच्या नावाचा एक तक्ता करा: कोणत्या कागदावर नाव कसे आहे ते. जिथे फरक आहे तिथे प्रतिज्ञापत्र करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी विवाहाचा दाखला किंवा जुना पुरावा जोडावा. आधार आणि पॅनवरील नाव एकसारखे करून घ्या. हे काम घरबसल्या होण्यासारखे आहे, पण नोंदणीच्या आदल्या दिवशी होत नाही.

६. मोजणी, वहिवाट आणि ताबा

घराची प्रत्यक्ष मोजणी करून घ्या आणि खरेदीपत्रातील चतुःसीमेशी ताडून पाहा. पूर्वेला ज्यांचे घर लिहिले आहे तिथे आज त्यांचे नातू असतील किंवा दुसरेच कोणी. नवीन खरेदीपत्रात आजची नावे यावी लागतात.

गावठाणातील घरांत सामाईक गोष्टी पुष्कळ. मधली भिंत दोघांची, बोळ तिघांचा, आड चौघांचा, पन्हाळीचे पाणी शेजाऱ्याच्या परड्यात. हे सगळे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले. घेणारा बाहेरचा असेल तर त्याला हे माहीत नसते. शेजाऱ्यांना भेटून काय सामाईक आहे ते लिहून ठेवा. शेजाऱ्यांना आपल्या विक्रीची बातमी परक्याकडून कळू नये, हा साधा शिष्टाचारही आहे. आणि बरेचदा घेणारा शेजारीच निघतो.

घरात कोणाला राहायला दिले असेल, तर ते भाड्याने, मेहेरबानीने की राखणीला, हे लेखी आहे का पाहा. खासगी जागेवर कोणी मालकाच्या विरुद्ध, उघडपणे आणि सलग १२ वर्षे ताबा ठेवला तर मालकाचा हक्क बुडू शकतो. परवानगीने राहणाऱ्याला असा हक्क सहज मिळत नाही, पण परवानगी दिली होती हे सिद्ध करायला कागद लागतो. घर रिकामे करून देण्याची तारीख त्या माणसाशी सन्मानाने बोलून ठरवा. ज्याने दहा वर्षे दिवा लावला, त्याला महिनाभराची मुदत पुरेशी नाही.

७. डागडुजी किती करावी

कागद मार्गी लागले की घराकडे वळावे. गिऱ्हाईक दोन प्रकारचे असतात. एक राहायला घेणारा, दुसरा पाडून नवे बांधणारा. दुसऱ्या प्रकारच्यासाठी रंगरंगोटीवर पैसा घालणे वाया. कोणता गिऱ्हाईक येण्याची शक्यता आहे ते गल्लीतील अलीकडचे व्यवहार पाहून ओळखा.

दोघांसाठीही करावे असे काही आहे. परड्यातील झुडपे काढा, भिंतीत उगवलेला पिंपळ मुळासकट काढा. सरकलेली कौले बसवून गळती थांबवा. पन्हाळी साफ करा. वाळवी लागली असेल तर औषध मारा. उंदीर-वटवाघळांचा वास काढा. सगळी दारे-खिडक्या उघडतील असे करा आणि आठवडाभर घराला वारा लागू द्या. वायरिंग जुने असेल तर जाणकाराला दाखवून धोक्याच्या तारा बंद करा. न्हाणी व संडास स्वच्छ, पाण्याचा नळ चालू. एवढ्याने घर बघण्याजोगे होते.

मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा किंवा तेलरंग देऊ नका. आतली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही आणि गिलावा वर्षभरात फुगून सुटतो. अशा भिंतीला चुन्याचा हातच योग्य. पडलेला भाग मातीनेच लिंपून घ्या. ओल लपवण्यासाठी रंग लावणे हे तर करूच नये.

पुराबद्दलही तसेच. दूधगंगेकाठच्या गावांनी २०१९ चा आणि २०२१ चा पूर पाहिला आहे. आपल्या घरात पाणी आले होते का, कुठवर आले, हे विचारले तर सरळ सांगा. सहज पाहून न कळणारा मोठा दोष घेणाऱ्याला सांगणे हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे विकणाऱ्याचे कर्तव्यच आहे. पाणी आले नसेल तर तेही सांगा, ती किमतीची बाजू आहे.

८. घरातील सामान

सामानाचे चार भाग करा: घरच्यांनी न्यायचे, नातेवाइकांना द्यायचे, घरासोबत द्यायचे, टाकायचे. देव्हाऱ्यातील देव कोणाकडे जाणार हे पहिल्या बैठकीतच ठरवा. जाते, पाटा-वरवंटा, हंडे, बळदावरची फळी, पाळणा, यांच्या किमतीपेक्षा आठवणींवरून जास्त वाद होतात. प्रत्येकाने एक-एक वस्तू पाळीने निवडावी, ही पद्धत बरी पडते.

सागवानी चौकटी, खांब, तुळ्या, कोरीव दार हे घराचाच भाग धरले जाते. ते काढून न्यायचे असेल तर आधी सांगा आणि करारात लिहा. बोलणी झाल्यावर रातोरात दार काढून नेले तर व्यवहारच मोडतो.

जुने कागद रद्दीत घालू नका. मोडीतील दस्त, जुन्या वह्या, पत्रे, छायाचित्रे यांत गावाचा इतिहास असतो. आपल्याला नको असतील तर कोल्हापूरचे पुरालेखागार किंवा १९१० साली स्थापन झालेले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्याकडे चौकशी करा. तत्पूर्वी मोबाइलवर छायाचित्रे काढून कुटुंबात वाटून घ्या.

९. किंमत आणि संचकार

किंमत ठरवताना तीन आकडे समोर ठेवा. सरकारी मार्गदर्शक मूल्य, गल्लीतील अलीकडच्या व्यवहारांचे खरे आकडे, आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल. त्या अहवालात १ एप्रिल २००१ रोजीची किंमतही लिहून घ्या, ती पुढे करासाठी उपयोगी पडते.

"निम्मे पांढरे, निम्मे रोख" असा प्रस्ताव येईल. तो स्वीकारू नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. शिवाय सहा वारसांत रोख वाटताना हिशेब कोणाचाच लागत नाही.

संचकारपत्र लेखी करा. त्यात पूर्ण किंमत, मिळालेली रक्कम, बाकीची मुदत, मुदत टळल्यास काय, घरासोबत काय जाणार, थकबाकी कोण भरणार, हे सगळे यावे. त्यावरही सर्व हिस्सेदारांच्या सह्या हव्यात. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या. आधारच्या झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आडवे लिहा.

ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी विश्वासू वारसाच्या नावे रीतसर मुखत्यारपत्र करावे. परदेशातील व्यक्तीने ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवावे, आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा. पण मुखत्यारपत्रावरच घर "विकून" मोकळे होऊ नका. अशाने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले आहे. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीपत्रानेच.

शेवटची रक्कम आरटीजीएसने किंवा डिमांड ड्राफ्टने घ्यावी. ड्राफ्ट असेल तर सही करण्याआधी देणाऱ्या शाखेकडून खात्री करून घ्या. रक्कम प्रत्येकाच्या हिश्श्याप्रमाणे त्याच्या-तिच्या स्वतःच्या खात्यात जावी आणि तसे खरेदीपत्रात लिहावे. सगळे पैसे एका भावाच्या खात्यात घेऊन मग वाटले, तर आयकराचे प्रश्न त्यालाच उत्तरावे लागतात. किल्ली शेवटच्या रुपयानंतर.

१०. आयकर

कर प्रत्येक हिस्सेदाराने आपापल्या हिश्श्यावर भरायचा. घर वारशाने आले असेल तर मूळ मालकाची खरेदी किंमत धरतात. ती १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीची बाजारभावाची किंमत धरता येते.

वरच्या उदाहरणातील बहीण घ्या. घर ४० लाखांना विकले, तिचा पाव हिस्सा १० लाख. २००१ ची किंमत ६ लाख धरली तर तिच्या वाट्याची दीड लाख. २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमाने सरळ फरकावर साडेबारा टक्के: ८.५० लाखांवर १,०६,२५० रुपये. पण त्या तारखेपूर्वीच्या घरासाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तीला जुनी पद्धतही निवडता येते, महागाई निर्देशांक लावून २० टक्के. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६, म्हणून दीड लाखाचे ५.६४ लाख होतात. नफा ४.३६ लाख, कर ८७,२०० रुपये. दोन्हींवर उपकर वेगळा. येथे जुनी पद्धत स्वस्त पडली. प्रत्येक वेळी पडेलच असे नाही, म्हणून दोन्ही हिशेब करून पाहा.

नफ्यातून दोन वर्षांत दुसरे राहते घर घेतले किंवा तीन वर्षांत बांधले तर सवलत आहे. सहा महिन्यांत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवता येतात, मुदत पाच वर्षे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर घेणे झाले नाही तर रक्कम कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी. हे खाते ग्रामीण शाखांत उघडत नाही, मोठ्या गावच्या शाखेत चौकशी करा.

व्यवहार ५० लाख किंवा अधिक असेल तर घेणारा १ टक्का कर कापून भरतो. एखादा वारस अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्यावर जास्त दराने कपात होते आणि तिथे ५० लाखांची मर्यादा नाही. त्याने आधीच आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला घ्यावा.

कामांचा क्रम

थोडक्यात क्रम असा: बैठक, मृत्यूचे दाखले व वंशवृक्ष, मूळ कागद, नावांची दुरुस्ती, वारसा नोंद व ई-खाता, बोजा दाखला, मोजणी, डागडुजी, मूल्यांकन, आणि मग गिऱ्हाईक. कागदांनाच सहा महिने ते वर्ष धरून चाला. कौलांचे काम मृगाच्या आत उरका. आपल्या भागात उसाची बिले हाती आली की बोलण्यांना वेग येतो, आणि पितृपक्षात कोणी संचकार देत नाही, हे धरून तारखा आखा.

ज्यांना घर विकायचे नाही त्यांनीही पहिल्या सहा गोष्टी कराव्यात. घरातील ज्येष्ठांना कोणत्या ट्रंकेत काय आहे, कोणती भिंत कोणाची आहे, हे अजून माहीत आहे. येत्या जत्रेला गावी जाल तेव्हा त्यांच्याजवळ तासभर बसून ते लिहून घ्या.